कोकणात ग्रीकांचं गाव नव्हतं

गुहागर-विजापूर रस्त्याने कराड सोडून पूर्वेला निघालं की कडेगाव येतं. समुद्र इथून दिसत नाही, खारा वाराही इथवर पोचत नाही. तरी बंदरांच्या इतिहासावर बोलायचा या भागाला हक्क आहे. बंदराच्या पाठीशी घाट असतो, घाटाच्या पाठीशी पेठ आणि पेठेच्या पाठीशी पिकवणारा मुलूख असतो. कृष्णेपासून येरळेपर्यंतचा हा टापू म्हणजे तसला मुलूख. म्हणूनच आमच्याकडच्या व्याख्यानांतून, स्मरणिकांतून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरातून वारंवार कानावर येणाऱ्या एका विधानाचा समाचार घ्यावासा वाटतो. विधान असं: सातवाहनांच्या काळी कोकण किनाऱ्यावर ग्रीकांच्या वसाहती होत्या, त्यांतल्या एका बंदराचं तर नावच बायझँटिअन होतं, आणि कराड-कोल्हापूरची जुनी भरभराट ही या यवन व्यापाऱ्यांची देणगी.

यातला कुठलाच तुकडा टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे. पण आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू, कारण तो अगदीच पोकळ नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची एक वाटाडी वही लिहिली. तीच ‘पेरिप्लस’. तिच्या ५३ व्या परिच्छेदात कल्याणच्या दक्षिणेची बंदरं ओळीने येतात: सेमिल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा, बायझँटिअन आणि पुढची. शंभरेक वर्षांनी टॉलेमीने भूगोल रचला, त्यातही मंदगाराला लागून हे नाव आहे. बायझँटिअन म्हणजे बॉस्पोरसच्या काठावरचं प्रसिद्ध ग्रीक बंदर, पुढचं कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल. मग त्याच नावाचं गाव कोकणात कुठून आलं? तिकडच्या ग्रीकांनी वसवलं असणार, असा तर्क एकोणिसाव्या शतकात निघाला. १८८५ साली टॉलेमीच्या भारतवर्णनाचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या मॅक्रिंडलने त्याची नोंद घेतली आणि लगोलग तो आपल्याला पटत नाही असंही लिहिलं. पुढच्यांनी नोंद उचलली, नापसंती गाळली.

जोडीला आणखी पुरावे येतात. कार्ले, जुन्नर, नाशिकच्या लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या कितीतरी खांबांवर ‘धेनुकाकटाचा यवन’ अशी दात्याची ओळख कोरली आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९५५ साली या धेनुकाकटावर लिहिलं. ते गाव त्यांनी कार्ल्याच्याच आसपास शोधलं आणि तिथे ग्रीक व्यापाऱ्यांची वस्ती असावी असं मांडलं. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, ब्राँझमूर्ती मिळाली. एवढं सगळं समोर ठेवल्यावर ऐकणाऱ्याने मान डोलावली तर त्याचा दोष नाही.

आता एकेक बघू.

पहिला आधार नावाचा, आणि तोच सगळ्यांत कच्चा. कडेगावच्या मोहरमचे उंच ताबूत बघायला लांबून माणसं येतात. त्यांची बांधणी आधी कळस, मग पाया अशी होते. ताबुताला ते शोभतं, कारण कारागीर खालचे मजले खरोखरच बांधून देतात. बायझँटिअनच्या सिद्धान्तात नावाचा कळस दीडशे वर्षं तसाच अधांतरी आहे.

ग्रीक खलाशी परकी नावं कशी ऐकत, हे त्याच वहीत दिसतं. भरुकच्छाचं बारिगाझा झालं, शूर्पारकाचं सुप्पारा, कल्याणचं कल्लिएना, प्रतिष्ठानचं पैठाना, चेमूलचं सेमिल्ला. कान जे पकडेल ते जीभ आपल्या ओळखीच्या साच्यात बसवते. साहेबाने मुंबईचं, पुण्याचं, खडकीचं काय केलं ते आपण पाहिलंच आहे. शिवाय ‘पेरिप्लस’ आपल्यापर्यंत आला तो दहाव्या शतकातल्या एका हस्तलिखितातून, आणि ते चुकांनी भरलेलं आहे. टॉलेमीच्या भूगोलाच्या उपलब्ध ग्रीक प्रती त्याहूनही उशिराच्या. या नकला करणारे लेखक बायझँटाइन साम्राज्याचे. कोकणातलं एक अनोळखी नाव त्यांच्या राजधानीच्या नावाच्या थोडंसं जवळ जात असेल, तर लेखणी कुठल्या बाजूला झुकली असेल हे सांगायला भाषाशास्त्री नको.

मूळ नाव काय असावं? रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी त्यामागे ‘वैजयंती’ पाहिली. वैजयंती हे नाव त्या काळी चांगलं परिचित होतं. कार्ल्याचं चैत्यगृह पूर्णत्वाला नेणारा श्रेष्ठी भूतपाल स्वतःला वैजयंतीचा म्हणवतो, आणि नाशिकच्या लेखात गौतमीपुत्र सातकर्णी वैजयंतीच्या सेनेचा उल्लेख करतो. मात्र ती वैजयंती म्हणजे बनवासी, आणि ते गाव किनाऱ्यापासून आत आहे. तेव्हा बंदर हवं म्हणून पुष्कळांनी विजयदुर्ग गाठला. इथे मात्र ग्रीकवाद्यांना हसणाऱ्या आपल्या लोकांचीही तीच गत झाली. विजयदुर्ग हे नाव शिवाजी महाराजांनी १६५३ च्या सुमारास किल्ला घेतल्यानंतरचं. त्याआधी तो घेरिया. सतराव्या शतकात ठेवलेलं नाव पहिल्या शतकातल्या खलाशाच्या कानावर कसं पडेल? वाघोटनची खाडी उत्तम निवाऱ्याची आहे, तिथे जुनं बंदर असायला हरकत काही नाही. पण ‘विजय’ या अक्षरांच्या जोरावर ते सिद्ध होत नाही.

नावाच्या मोहाचा दाखला हवा तर आमच्या तालुक्यातच आहे. देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. समुद्रगुप्ताच्या अलाहाबादच्या स्तंभलेखात त्याने दक्षिणेत हरवलेल्या राजांमध्ये ‘दैवराष्ट्रक कुबेर’ आहे. फ्लीटने देवराष्ट्र म्हणजे महाराष्ट्र असं सुचवलं, व्हिन्सेंट स्मिथने आपल्या इतिहासातून ते घरोघर पोचवलं, आणि काहींनी थेट आपल्या देवराष्ट्र्याचं नाव पुढे केलं. १९२० मध्ये झुव्हो-दुब्रॉय या फ्रेंच संशोधकाने ते खोडून काढलं. त्या यादीतले पिष्टपूर, वेंगी, कांची सगळे पूर्व किनाऱ्याकडचे. पूर्व चालुक्यांच्या ताम्रपटात देवराष्ट्र नावाचा प्रांत यलमंचिलीकडे, म्हणजे विशाखापट्टणच्या बाजूला, असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण आमच्याकडे कुबेर राजाची राजधानी अजून भाषणात येते. त्याच देवराष्ट्र्याच्या डोंगरात सागरेश्वराचं देऊळ आहे. सह्याद्रीच्या इतक्या आत ‘सागर’ आहे म्हणून तिथे कुणी गलबतं लागत होती असं अजून म्हटलेलं नाही, हे नशीब.

नाव बाजूला ठेवू आणि वही काय म्हणते ते वाचू. पूर्वपक्षाची खरी अडचण इथे आहे. ‘पेरिप्लस’चा लेखक मंदगोरा, बायझँटिअन वगैरेंना ‘स्थानिक’ बाजारपेठा म्हणतो. त्याच्या दृष्टीने ती गावगाड्यातली बंदरं, बारिगाझासारखी मोठ्या व्यापाराची नव्हेत. आणि हा माणूस ग्रीकांच्या खुणा टिपायला अजिबात विसरत नाही. बारिगाझाच्या मुलखात अलेक्झांडरच्या स्वारीच्या आठवणी म्हणून जुनी देवळं, तळाच्या भिंती आणि मोठ्या विहिरी तो दाखवतो. (अलेक्झांडर तिथे कधी आलाच नव्हता, पण अभिमानाला नकाशा लागत नाही.) तिथल्या बाजारात ग्रीक अक्षरांची, मिनँडर आणि अपोलोडोटसची जुनी नाणी अजून चालतात हेही तो लिहितो. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटाबद्दल तर तो सरळ सांगतो की तिथे अरब, हिंदी आणि काही ग्रीक व्यापारानिमित्त राहतात. म्हणजे परमुलखात ग्रीक वस्ती दिसली की हा नोंदवतो. मग कोकणात आपल्या लोकांचं आख्खं गाव, तेही मायदेशातल्या नामांकित शहराचं नाव मिरवणारं, त्याला दिसलं आणि त्याने अवाक्षर काढलं नाही, हे कसं मानायचं?

कल्याणबद्दलची त्याची ओळ याहून बोलकी आहे. थोरल्या सारगनसच्या, म्हणजे कुणा सातकर्णीच्या काळात कल्लिएना हे रीतसर व्यापाराचं बंदर होतं. पुढे संदनसच्या ताब्यात गेल्यावर तिथला व्यापार अडला, आणि चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे आलंच तर त्याला पहाऱ्यात बारिगाझाला नेतात, असं तो लिहितो. ज्या किनाऱ्यावर ग्रीक जहाजाला पहारा बसतो, त्याच किनाऱ्यावर थोडं खाली ग्रीकांचं स्वतःचं गाव नांदत होतं म्हणे! टॉलेमी तर त्या भागाला चाच्यांचा किनारा म्हणतो आणि बायझँटिअन त्यातच घालतो.

ग्रीकांचं गाव कसं असतं, हेही ठाऊक असायला हवं. मूळ बायझँटिअन इसवी सनपूर्व सातव्या शतकात मेगारा नगराच्या लोकांनी वसवलं. काळ्या समुद्रातून येणारं धान्य आणि मासळी त्या अरुंद सामुद्रधुनीतून जाई. येणाजाणाऱ्या गलबतांवर जकात, स्वतःची नाणी, तटबंदी असा त्यांचा संसार होता. वसाहत करायची म्हणजे मातृनगरीच्या अग्निकुंडातला विस्तव घेऊन निघायचं, देवळं आणि सभास्थान उभारायचं, जमिनी वाटून घ्यायच्या. हा प्रकार ‘पेरिप्लस’च्या कितीतरी शतकं आधीचा. पहिल्या शतकात हिंदुस्थानचा व्यापार होता तो अलेक्झांड्रियाच्या आणि तांबड्या समुद्राच्या वाटेने, रोमी अमलाखाली. बॉस्पोरसवरच्या नगराला त्यात हात घालायला ना वाट होती ना कारण. जहाजं जुलैत इजिप्त सोडत, पावसाळी वाऱ्यावर सप्टेंबरच्या आसपास इकडे येत आणि डिसेंबर-जानेवारीत उलट्या वाऱ्याने परत फिरत. त्या दोन-तीन महिन्यांत वखारीत राहून माल भरणारा माणूस पाहुणा असतो, रहिवासी नव्हे.

पूर्वेकडे खरंखुरं ग्रीक नगर कसं दिसतं, ते अफगाणिस्तानात आय खानूमला आहे. १९६४ पासून फ्रेंचांनी तिथे खणलं. नाट्यगृह निघालं, व्यायामशाळा निघाली, डेल्फीच्या देवळातली सुभाषितं कोरलेला लेख निघाला. कोकणातल्या एकाही खाडीत यातलं काही नाही.

तरीही कार्ल्याचे यवन उरतातच, आणि हा पूर्वपक्षाचा सर्वांत भक्कम मुद्दा असल्याने तिथे जरा थांबलं पाहिजे. त्यांची नावं पाहा: सिंहधय, धर्म, चूलयक्ष, यशवर्धन. जुन्नरला पाण्याची दोन टाकी देणारा यवन इरिल आणि भोजनमंडप देणारा यवन चिट, यांची नावं परकी वाटतात खरी. पण नाशिकचा इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, याच्या नावात तर दोन वैदिक देव आहेत. त्याने आपला पत्ताही दिला आहे: उत्तरेकडचा योनक, दत्तामित्रीचा. म्हणजे आपण कुठले हे जो सांगतो, तो समुद्रावरून आलेला नाही. उत्तरेत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेल्या घराण्यातला आहे. दान प्राकृतात लिहिलं, संघाला दिलं, नावं इथली. अशा माणसाला बॉस्पोरसचा नागरिक ठरवणं म्हणजे त्याने स्वतः सांगितलेली ओळख पुसून आपली चिकटवणं.

आणि धेनुकाकट? कार्ल्यालाच धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त भेटतो, धेनुकाकटाचा सुतार सामी भेटतो. दोघांनी चैत्यगृहाच्या दर्शनी बाजूचं काम करून दिलं. गंधी आहे, सुतार आहे, यवन आहे: हे सरमिसळीचं व्यापारी गाव झालं. कोसंबींचा मोठेपणा मी मानतो. घाटवाटा आणि लेणी यांचा संबंध पायी हिंडून त्यांच्याइतका कुणी उलगडला नाही. पण गावातले काही दाते यवन म्हणून गाव ग्रीक, ही उडी त्यांनी घ्यायला नको होती. धेनुकाकट कुठलं याचा वाद डहाणूपासून आंध्रातल्या धरणीकोटपर्यंत पसरलेला आहे, आणि त्यातल्या कुणाकडेही तिथे ग्रीक नगर होतं असा उत्खननाचा पुरावा नाही.

लिपीवरूनही फसायला होतं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला नहपानाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांवर ग्रीक अक्षरं आहेत. राजा शक, भाषा प्राकृत, अक्षरं ग्रीक! त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारला. त्या नाण्यावरच्या अक्षरांवरून नहपानाला ग्रीक म्हणायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही.

कोल्हापूरच्या पोसायडनचं उत्तर थोडक्यात देता येतं. मूर्ती हातात मावेल एवढी आहे. १९४०च्या दशकात प्रा. कुंदनगारांना मिळालेल्या त्या साठ्यात रोमी ब्राँझच्या काही वस्तू आणि देशी बनावटीच्या अनेक वस्तू एकत्र होत्या. पुढे १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षितांनी ब्रह्मपुरीचं रीतसर उत्खनन केलं. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ती मूर्ती बघायला मिळते आणि ती खरोखर देखणी आहे: एक हात वर उचललेला, त्यातला त्रिशूळ गेलेला, अंगावरचा एकेक स्नायू घडवलेला. पण सुंदर परदेशी वस्तू श्रीमंताच्या घरी असते एवढंच ती सिद्ध करते. साताऱ्याच्या जुन्या वाड्यांत बेल्जमची झुंबरं होती. तिथे बेल्जियन लोक राहत नव्हते.

खापरांनी तर गेल्या तीस-चाळीस वर्षांत या सिद्धान्ताची बरीच हवा काढली. मॉर्टिमर व्हीलरने १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकामेडूला खणलं आणि तिथल्या चक्राकार नक्षीच्या भांड्यांचा संबंध भूमध्य समुद्राशी जोडला. १९९७ मध्ये डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी त्या भांड्यांची माती क्ष-किरणांनी तपासली आणि ती बंगालच्या गंगेकाठची ठरवली. पश्चिम किनाऱ्यावर ‘रोमन अँफोरा’ म्हणून नोंदवलेली पुष्कळशी खापरं रोबर्टा टोंबर यांनी पुन्हा हाताळली, तेव्हा ती इराकच्या बाजूच्या, आतून डांबर लावलेल्या लांबोडक्या रांजणांची निघाली. रोमी सोन्याचे मोठे साठे कोइमतूर आणि केरळकडे मिळतात, कोकणात तुरळक. आपल्या किनाऱ्याचा व्यवहार रोमइतकाच, किंबहुना त्याहून सातत्याने, इराणी आखाताशी होता. पण बसऱ्याच्या रांजणाला ग्रीक देवाची ऐट कुठून येणार?

इथवर खंडन. मग ही बंदरं कुणाची होती? बायझँटिअनच्याच यादीतलं मंदगोरा घ्या. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर मांदाड आहे, आणि त्याच्याशी मंदगोरा जुळवतात. हीही नावाचीच जुळणी, असं कुणी म्हणेल. पण इथे कळसाखाली पाया आहे: मांदाडला जुन्या बंदराच्या खुणा मिळाल्या आहेत आणि शेजारी कुड्याची लेणी आहेत. तिथल्या लेखांत ‘मांदव’ म्हणवणारे महाभोज राज्य करतात; दाते म्हणून त्यांचा लेखनिक येतो, वैद्य येतो, माळी येतो. यवन एकही नाही. आणि एका लेण्याचा दाता आहे ‘करहाकडक’ लोहवाणी महिक. करहाकड म्हणजे कराड. कराडचा लोखंडाचा व्यापारी घाट उतरून खाडीच्या तोंडाशी जातो, तिथे स्वतःच्या पैशाने डोंगरात लेणं कोरून घेतो आणि त्यावर आपल्या गावाचं नाव घालतो. बंदरावर कुणाचा पैसा खेळत होता याचा यापेक्षा सरळ पुरावा मला माहीत नाही.

महिक एकटा नव्हता. मध्य प्रदेशातल्या भरहुतच्या स्तूपावर ‘करहाकट निगमा’चं दान आहे. तो लेख इसवी सनपूर्वीचा, ‘पेरिप्लस’च्या आधीचा. निगम म्हणजे व्यापाऱ्यांची संघटित पेठ. कुण्या एका शेठजीने नव्हे, आख्ख्या पेठेने वर्गणी काढून इतक्या लांब दान पाठवलं. मोसमी वाऱ्यावर इजिप्तची जहाजं दरसाल इकडे येऊ लागली त्याआधीच कराडची पेठ हे करू शकत होती. मग ती पेठ यवनांची देणगी कशी? आगाशिवच्या डोंगरातली लेणी बघायला कडेगावातून तासभरात जाता येतं. त्यांचा खर्च याच पेठेच्या जोरावर निघाला असणार, आणि त्या पेठेला कापूस, धान्य, कातडी पुरवणाऱ्या पूर्वेकडच्या मुलखात आमची गावं येतात.

उलटा प्रवासही विसरू नये. इजिप्तमध्ये बेरेनिके बंदरात देवळाच्या आवारात हिंदुस्थानी रांजण मिळाला, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती. तिथे सागवानाची लाकडं निघाली, संस्कृत लेख निघाला, अलीकडे बुद्धमूर्तीही निघाली. ‘पेरिप्लस’ने ज्या सोकोत्रावर ग्रीकांची नोंद केली, त्याच बेटावरच्या होक नावाच्या गुहेत ब्राह्मी अक्षरांतले कितीतरी लेख आहेत, भडोच बाजूच्या खलाशांनी तिथे आपली नावं लिहून ठेवली. तरी बेरेनिकेला कुणी हिंदू नगर म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

दक्षिणेत मुझिरिसला परदेशी व्यापाऱ्यांचा मोहल्ला असावा, हे मी मान्य करतो. रोमी रस्त्यांच्या जुन्या नकाशात त्या बंदराजवळ ऑगस्टसचं देऊळ दाखवलं आहे आणि जुन्या तमिळ काव्यांत यवनांची वर्दळ आहे. पण मुझिरिसचा पुरावा कोकणाच्या खात्यावर जमा करता येत नाही. कोकणातल्या एखाद्या खाडीत उद्या ग्रीक दफनं निघाली, ग्रीक भाषेतला दानलेख निघाला, भाजक्या मातीच्या घरगुती देवता आणि स्वयंपाकाची भूमध्य बनावटीची भांडी एका थरात निघाली, तर चित्र बदलेल. शोध घ्यायलाच हवा: वाघोटन, जैतापूर, जयगड, दाभोळ या खाड्यांच्या काठी जुन्या थरांची पाहणी अजून पुष्कळ बाकी आहे, आणि कुंभार्लीपासून कडेगाव-विट्यापर्यंतच्या वाटेवरची पांढरीची टेकाडं तर नांगराखाली जात आहेत.